नरम केलेली लॉरी

लॉरीचं हँडल मारताना अंगठा मुठीत घ्यायचा नाही. चार बोटं ज्या बाजूला, त्याच बाजूला अंगठा ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं; वरून खाली कधीही दाबायचं नाही. इंजिन उलटं फिरलं की हँडल लाथ मारतं आणि मुठीत अडकलेला अंगठा तिथल्या तिथे मोडतो. हे मला ज्यांनी शिकवलं ते जाऊन बरीच वर्षं झाली. पण अजूनही बाजारात भाजीची पिशवी उचलताना माझा अंगठा आपोआप बोटांच्या रांगेत जाऊन बसतो. बायको म्हणते, "पिशवी काय लाथ मारणार आहे का?"

चेन्नईत मी उभं आयुष्य लेथवर काढलं. सांगलीहून आलो तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती. आधी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्यांच्या कारखान्यात राबलो, मग तिथेच पत्र्याची स्वतःची शेड टाकली. मोठ्या कारखान्यांना लागणारे बुश आणि पिना आम्ही पोत्यांनी काढून दिल्या. त्यातली एकही आज डोळ्यांसमोर येत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कामातलं काही लिहा असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती एक जुनीपुराणी लॉरी, जिच्यावर माझी शेड आठवडाभरसुद्धा चालली नसती.

नव्या शतकाची सुरुवातीची वर्षं होती. एका सकाळी ओतकामाचा एक तुकडा लेथवर धरला आणि आतून तो भोकाभोकांचा निघाला. मी त्या ओतणाऱ्याच्या कुळाचा मराठीतून यथास्थित उद्धार करत होतो. तमिळ मला चांगली येते, पण शिवी घालायला ती पुरत नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बहु दिवसांनी ऐकली. अमचा बाप अश्शीच शिवी द्यायचा."

दारात सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. उंच, काळेसावळे, पांढरं धोतर तमिळ पद्धतीनं गुंडाळलेलं, कपाळावर गंध, हातात कापडी पिशवी. माझ्याकडच्या पोरांना ते इथलेच कुणी शेतकरी वाटले होते. नाव सांगितलं पंचनदराव. मूळचे तंजावरकडचे, यांचे पूर्वज मराठे राजांबरोबर खाली आले आणि इथलेच झाले. वडिलांनी चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या पलीकडे जमीन घेतली, तिथे हे भात पिकवत होते.

"तुम्हि कोठल?" त्यांनी विचारलं.

"सांगलीचा."

"सांगली कोठ आहे?"

महाराष्ट्रात त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हटलं, कृष्णेकाठी. त्यावर "शेरी," म्हणजे तमिळमध्ये ठीक आहे, असं म्हणून त्यांनी पिशवीतून पाण्याच्या पंपाचा शाफ्ट काढून माझ्या हातात ठेवला. "मग सांगलीकर, हे पाहा." त्या दिवसापासून मी सांगलीकर झालो. माझं खरं आडनाव त्यांनी शेवटपर्यंत पुसलं नाही.

'पुसलं' हा शब्दही त्यांचाच. ते विचारत नसत, पुसत. आमच्या गावचा म्हातारा गुरव असं बोलायचा; त्याच्यानंतर हा शब्द मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. लोकांना वाटतं, जुना पार्ट मोजायचा आणि तसाच नवा काढायचा, यात काय एवढं? पण जुना पार्ट खोटं बोलतो. तो झिजलेला असतो. झिजलेलं माप घेऊन तसाच नवा काढला तर आपण झीजच नव्यानं बनवली म्हणायची. कारखाना बंद पडून जमाना झाला, नकाशे नाहीत, तर मूळ माप कुणाला विचारणार? तेव्हा पार्ट हातात घेऊन फिरवत बसायचं आणि जिथे कशाचाच कशाला स्पर्श झालेला नाही अशी जागा शोधायची. कॉलरच्या, म्हणजे शाफ्टवरच्या उंच कड्याच्या आड, टोकाच्या खाचेत कुठेतरी बोटाच्या नखाएवढी जागा अशी सापडतेच. तिथे मूळ माप जसंच्या तसं राहिलेलं असतं.

पंचनदरावांची मराठी ऐकताना मला तसंच व्हायचं. आमच्याकडे रोजच्या वापरानं घासून गेलेलं काहीतरी त्यांच्याकडे कॉलरच्या आड शाबूत राहिलं होतं. माझ्या घरात मुलांशी मराठीत बोलावं तर उत्तर तमिळमध्ये यायचं. शेडमध्ये तर मराठी फक्त शिवीपुरती. त्यामुळे शाफ्ट तयार झाल्यावर "पाठवून देतो" म्हणायच्या ऐवजी मी म्हणालो, "मीच आणून बसवतो." रविवार होता. स्कूटर काढली, रेडहिल्सचा तलाव मागे टाकला आणि गेलो. त्यानंतर किती रविवार गेलो याचा हिशेब नाही.

लॉरी चिंचेखाली उभी होती. दुसऱ्या महायुद्धातली. लढाई संपल्यावर सैन्यानं लिलावात काढली ती यांच्या वडिलांनी घेतली. पुढे घुशीसारखं लांबट नाक, दोन्ही बाजूंना गोल मडगार्ड, मागे फणसाच्या फळ्यांचा हौदा. रंग मूळचा कुठला ते ओळखू येत नव्हतं. पेट्रोलवर चालणारं सहा सिलिंडरचं इंजिन. बटणावर सुरू होण्याची सोय तिला होती, पण ती वडिलांच्या वेळीच जळाली आणि पुन्हा कुणी बसवली नाही. तेव्हापासून समोर हँडल घालून ती फिरवून सुरू करायची. सरकारच्या लेखी ती कधीच म्हातारी झाली होती, म्हणून हमरस्त्यावर जात नसे. शेत, तळं आणि गावातली भातगिरणी एवढंच तिचं जग.

पण त्या जगात ती बसून नव्हती. नांगरटीआधी शेणखत, लावणीच्या वेळी रोपांच्या जुड्या, कापणीनंतर भारे, गिरणीची पोती, गुरांचा पेंढा, सगळं तिच्यावर. आणि उन्हाळ्यात एरीतला गाळ. एरी म्हणजे गावाचं तळं. वैशाखात ते आटलं की तळाचा काळा गाळ उकरून शेतात पसरायचा. तिकडे जमिनीचं जेवणच ते. लॉरी तळ्यात उतरायची, गाळ भरून घ्यायची आणि बांधाच्या चढावरून वर यायची. तो चढ म्हणजे तिची खरी परीक्षा. भरलेली लॉरी दुसऱ्या गिअरमध्ये बांधावर आली की पंचनदराव हॉर्न वाजवत. समोर कुत्रंसुद्धा नसे.

गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागे आणि मधे इंजिनाचा आवाज कानानं जुळवून घ्यावा लागे. मी पहिल्यांदा टाकला तेव्हा आत दात कराकरा वाजले. "हिसकू नका," पंचनदराव म्हणाले. "वंडीला पुसूनु घाला." वंडी म्हणजे गाडी. मे महिन्यात पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडे, तेव्हा धोतराची चिंधी भिजवून पंपावर गुंडाळायची आणि सावलीत बसून राहायचं. त्या बसण्यात मी आयुष्यातलं सगळ्यात जास्त मराठी बोललो असेन. जो तो त्यांना डिझेल इंजिन बसवायला सांगायचा. ते हसायचे. "कातडं ठेवूनु जीव बदलायचा? मग राहिलं काय?"

घरी त्यांच्या पत्नी, गंगाबाई. त्यांना मी आक्का म्हणे. हा शब्द सांगलीत चालतो आणि चेन्नईतही, दोन्हीकडे मोठ्या बहिणीलाच. पहिल्याच दिवशी त्यांनी केळीच्या पानावर डांगर वाढलं. उडदाचं, ताकातलं, वरून मोहरीची फोडणी. मी पानाकडे बघत राहिलो. शेकडो वर्षं आणि शेकडो मैल ओलांडून डांगर डांगरच राहिलं होतं. आक्कांना वाटलं, मला आवडलं नाही.

तिसरा माणूस एळुमलै. शेतावरचा गडी, पन्नाशीचा, लॉरीवर जीव. तो गाळ भरायचा, लॉरी धुवायचा आणि कुणी तिला नावं ठेवली तर भांडायचा. पंचनदरावांना तो सगळ्या गावासारखं 'रायर' म्हणे. इकडे तंजावरच्या रावांना तसंच म्हणतात.

एका वर्षी त्यांनी आम्हा नवराबायकोला आयुधपूजेला मुक्कामाला बोलावलं. आपली खंडेनवमी तीच. नांगर, विळे, कोयते सगळे लॉरीपुढे मांडले होते, मधोमध हँडल. लॉरीच्या नाकाला केळीचे खुंट बांधले होते आणि अंगभर चंदनकुंकवाचे ठिपके होते. एकदा पूजा झाली की हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीच्या सकाळी, चाकांखाली लिंबं ठेवून यजमानानं स्वतः लॉरी सुरू करायची आणि लिंबं चिरडत पुढे न्यायची. पहिल्या ओढीत इंजिन लागलं तर वर्ष चांगलं.

त्या सकाळी ते लागलं नाही. पंचनदरावांनी हँडल ओढलं, पुन्हा ओढलं, पुन्हा. सगळं गाव जमलेलं. मी पुढे झालो तर हातानंच मागे सारलं. ओढता ओढता ते थांबले, हँडल सोडलं आणि लॉरीच्या पायरीवर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. आक्कांनी पदरानं वारा घालायला सुरुवात केली.

"बघा आधी तिला काय झालं," ते मला म्हणाले. "मला नंतर बघा."

मी बॉनेट उचललं आणि आतून चंदनाचा घमघमाट आला. इंजिनात प्लगांना करंट वाटून देणारं एक काळं झाकण असतं. त्या झाकणावर, त्याच्या तारांवर, प्लगांच्या पांढऱ्या मानांवर ओल्या चंदनाचे जाड लेप होते. करंटला ओली वाट सापडली की तो ठिणगी पाडायच्या भानगडीत पडत नाही, लेपावरूनच पळून जातो.

"हे कुणी केलं?"

एळुमलै अभिमानानं पुढे आला. "मीच, सार. इंजिनाचं हृदय तेच ना? तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून तिथे जास्त लावलं."

पायरीवरून पंचनदराव म्हणाले, "देवीला प्रसाद जास्त झाला." एवढंही बोलायला त्यांना दम पुरत नव्हता. मी पेट्रोलच्या फडक्यानं सगळं पुसलं, हँडल ओढलं आणि इंजिन पहिल्या ओढीत लागलं. लिंबं मीच चिरडली. तेवढ्यात गावातल्या एकाची मोटार आली आणि आम्ही त्यांना तिच्यात आडवं करून चेन्नईला निघालो. हृदयाचा झटकाच होता. थोडक्यात निभावलं. एळुमलै दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसून होता. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, पण आपल्या चंदनानं काय केलं ते त्याला समजलं होतं.

डॉक्टरांनी हँडलचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. मी म्हटलं, सोपं आहे. बटणाची सोय मी परत बसवतो, त्याच्या चक्राचे दात कापणं हे माझ्या रोजच्या कामातलं. तर हे गृहस्थ खाटेवरून उठून बसले.

"बटणानं उठली ती वंडी मला ओळखणार नाही."

"मग एळुमलै हँडल मारेल, तुम्ही चालवा."

"दुसऱ्यानं उठवली ती दुसऱ्याची. सांगलीकर, हँडल ज्या दिवशी फिरणार नाही, त्या दिवशी मी उतरेन. शेत एळुमलैला देऊनु नुंगंबाक्कमला लेकीकडे जाईन. पण तोवर माझी वंडी मी उठवणार."

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली, मी स्वतःही त्यातलाच. पण चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या फ्लॅटमध्ये हा माणूस किती टिकेल ते मला दिसत होतं, आणि त्या हँडलवर किती टिकेल तेही. शिवाय माझा स्वतःचा स्वार्थ होताच: ते शेतावरून गेले की माझे रविवार गेले.

बरे होऊन परत आल्यावरच्या रविवारी आक्कांनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. त्या कणीक मळत होत्या.

"रात्री झोप नाही, सांगलीकर. सकाळ झाली की ते जाऊनु हँडल धरतात. मी इथे बसूनु मोजतें, किती वेळां ओढलं." त्यांनी कणकेवर पाण्याचा हात फिरवला. "कणीक घट्ट झाली तर पाणी घालूनु नरम करतात. त्या वंडीला काही करता येत नाही काय? थोडी नरम?"

मी "बघतो" म्हणालो आणि स्कूटरवरून परत येताना सगळ्या वाटेत तेच बघत होतो. करता येत होतं. पिस्टन वर येतो तेव्हा पेट्रोलची वाफ आणि हवा एका बंद खोलीत दाबली जाते. जितकी जास्त दाबाल तितका पेटल्यावर जोर जास्त. पण हँडल मारणाऱ्या हाताला त्याच दाबाशी झटायचं असतं. त्या खोलीचं छप्पर थोडं वर उचललं तर दाब कमी होतो आणि हँडल हलकं जातं. या जातीच्या इंजिनाचं डोकं म्हणजे नुसतं एक जड झाकण, म्हणून हे जमण्यासारखं होतं. झाकणाखाली तांब्याची एक जादा पाटी घालायची. फुकट मात्र काहीच मिळत नाही. हँडल हलकं झालं की लॉरीचं बळही तितकंच उतरणार.

शेडमध्ये मी ती पाटी स्वतः केली, कुणाच्या हातात दिली नाही. सहा मोठी भोकं सिलिंडरची, बाकीची पाण्याची आणि बोल्टांची. शेवटी लालभडक तापवून पाण्यात टाकली. पोलाद असं केलं की कडक होतं. तांबं मऊ होतं.

पंचनदरावांना मी सांगितलं, "हेड उघडून काजळी साफ करायला हवी." एरवी इंजिनाचा एक नट सैल करायचा तरी ते स्टूल टाकून बाजूला बसत. त्या दिवशी म्हणाले, "करा. मी पंपाकडे जाऊनु येतों," आणि झाकण परत बसेपर्यंत फिरकले नाहीत. मला वाटलं, नशीबच जोरावर आहे.

परत आल्यावर त्यांनी हँडल धरलं, अंगठा बाजूला घेतला आणि ओढलं. ते असं अलगद वर आलं की मीच दचकलो. इंजिन लागलं. त्यांनी एकवार हँडलकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे.

"बर साफ केलें," म्हणाले. आक्का दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

पुढचा उन्हाळा आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. हँडलचं ठीक होतं, पण बांधाचा चढ काही नरम झाला नव्हता. गाळाच्या दिवसांतल्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम बांधावर जाऊन उभा राहिलो. खाली तळ्यात लॉरी भरली, वळली, चढाला लागली. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू वर आली. हॉर्न वाजला. इंजिनानं माझी लाज राखली, असं वाटून मी तिच्या तापलेल्या नाकावर हात ठेवला आणि भाजून घेतला.

हौदा गाळानं पूर्वीसारखा शिगोशीग नव्हता, फळीच्या बराच खाली होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. एळुमलैला विचारलं तर म्हणाला, "भरायला माणसं कुठे मिळतात, सार? सगळी इस्टेटीतल्या कारखान्यांत गेली." ते खरंच होतं. गुम्मिडिपूंडीच्या वसाहतीच्या बस गावागावांतून माणसं उचलत होत्या. मी विषय सोडून दिला.

ती वर्षं चांगली गेली. चांगली म्हणजे काय, ते आता कळतं. रविवारी सकाळी चिंचेखाली बॉनेट उघडायचं, काही बिघडलेलं नसलं तरी. पितळी पेल्यातली कॉफी आणि डांगर. पंचनदरावांची जुनी मराठी, माझी सांगलीची, आणि मधे एळुमलैची तमिळ. आम्ही एकमेकांना चुकीचं समजायचो आणि त्यावरून वाद घालायचो. माझ्या हाताखालून तेव्हा महिन्याला पोतीच्या पोती पार्ट जात होते, पण कामाचा आनंद म्हटलं की मला त्या चिंचेखालचाच आठवतो. आज तसा एक रविवार कुणी दिला तर शेड सोडून जाईन. पण देणार कोण?

मग एका सकाळी शेडमध्ये फोन आला.

"सांगलीकर, हँडल आज फिरलं नाही." आवाज नेहमीचाच होता, वाऱ्यापाण्याचं सांगावं तसा. "रविवारी या. झाकण उघडायचं आहे."

गेलो. हँडल सीटवर आडवं ठेवलेलं होतं, पूजेला मांडावं तसं नीट. घरात लेकीकडे न्यायचं सामान बांधलेलं दिसत होतं. एळुमलै धुतलेली लॉरी पुन्हा धूत होता. पंचनदरावांनी स्टूल टाकलं आणि म्हणाले, "ते तांबं काढा."

मी पाना खाली ठेवला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या ओढीला. इतकी वर्षं जो हात धरला, तो सैल झाला तर कळणार नाही काय?"

"मग बोलला का नाहीत?"

ते घराकडे बघत होते. आत आक्का भांडी पोत्यात भरत होत्या. "ती निजायला लागली होती," ते म्हणाले. "त्या रात्री मी जागाच होतों. बाजूला ती निजली होती, घोरत होती. मग मी एळुमलैला सांगटलों, ओझं कमी घाल, अणि सांगलीकर पुसले तर माणसं नाहीत म्हण. नाहीतर वंडी बांधावर अडकेल अणि तुम्हि उगाच दुःख कराल."

मी एळुमलैकडे पाहिलं. तो चिंचेच्या खोडाकडे बघत होता.

"माझ्यासाठी वंडीनं बळ सोडलं, अत्ता मी उतरलों," पंचनदराव म्हणाले. "तिचं तिला देऊनु टाका. एळुमलैला द्यायची तर पुरी द्यायची."

मी झाकण उघडलं, तांब्याची पाटी काढली, झाकण पुन्हा बसवलं. बोल्ट आवळताना डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, आणि ते पाणी आहे हे कबूल करायला आज मला लाज वाटत नाही. मग त्यांनी हँडल उचललं आणि एळुमलैच्या हातात दिलं. त्याचा अंगठा स्वतःच्या बोटानं बाजूला करून दिला. एळुमलैनं ओढलं. हँडल जुन्या जोरानं तटतटून वर आलं आणि इंजिन असं लागलं की चिंचेवरचे कावळे उडाले.

पंचनदराव म्हणाले, "एरीला."

गाळाचे दिवस होते. एळुमलैनं गावात हाक दिली आणि माणसं आली; नाहीत म्हणून सांगितलेली तीच माणसं. हौदा फळीच्या वर शिगेपर्यंत भरला. एळुमलै चालवायला, पंचनदराव त्याच्या शेजारी, त्या बाजूला ते जन्मात पहिल्यांदाच बसले असतील. मी बांधावर उभा होतो. लॉरी वळली, चढाला लागली, मधे क्षणभर आवाज खाली गेला. एळुमलैनं तिला पुसून गिअर घातला आणि ती वर आली, माती सांडत, नाक वर करून. हॉर्न वाजला. शेजारच्या सीटवरून हात लांब करून तो पंचनदरावांनीच वाजवला होता.

खाली उतरून ते तिच्या मडगार्डवर हात ठेवून थोडा वेळ थांबले. मग आपण घरातून निघताना म्हणतो तसं म्हणाले, "येतों."

पुढे मी नुंगंबाक्कमला जात असे. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असत, खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर कानानं तपासत आणि बहुतेकांना नापास करत. ती तांब्याची पाटी आक्कांनी मागून घेतली होती. ओट्यावर गरम भांडं तिच्यावर ठेवत. मी गेलो की पंचनदराव पहिला प्रश्न तोच पुसत: "चढते काय?"

"चढते," मी सांगे.

खरंच चढत होती, दोन-तीन उन्हाळे. मग तिच्या गिअरपेटीतलं असं काही मोडलं की त्यात मला न झिजलेली जागा सापडली नाही. मी पुष्कळ शोधली. एळुमलैनं डिझेलचा टेम्पो घेतला. शेती करायची तर त्याला थांबून चालणार नव्हतं. लॉरी चिंचेखाली उभी राहिली आणि तिच्या हौद्यात कोंबड्या बसायला लागल्या. हे नुंगंबाक्कमला कसं सांगायचं ते मला सुचेना. त्या रविवारी गेलो तर गॅलरीतून नेहमीचा प्रश्न आला.

"चढते काय?"

"चढते," मी म्हणालो.

खाली सिग्नल सुटला, गाड्यांचा लोंढा गेला. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, अंगठा बोटांच्याच बाजूला.

"मग ओझं कमी घालत असतील," ते म्हणाले.

आतून आक्कांनी विचारलं, कॉफी आणखी थोडी घालू काय? आम्ही दोघांनीही पेले पुढे केले.